चंद्रबळ कुठल्या चंद्राचं?

माझ्या नातीची सुपारी दसऱ्याला फोडायची ठरली होती, आणि ती एका दगडानं अडवली. दगड वाटेतला नव्हं, आभाळातला. हसा खुशाल, पण तवा मला कुणी हसलेलं चाललं नसतं.

नवरात्राच्या तोंडावर पेपरात मोठ्या अक्षरात आलं, पृथ्वीला दोन महिन्यांपुरता दुसरा चंद्र मिळणार. खाली बारीक अक्षरात खरं काय ते होतं. एसटीएवढा दगड, डोळ्यानं दिसायचा नाही, शाळेतल्या दुर्बिणीतनंही नाही. पण बारीक अक्षर वाचतंय कोण? दुपारीच उमरग्याहून नवऱ्या मुलाच्या आजीचा, अव्वांचा, फोन. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"विहीणबाई, पेपर बघितला का?"

"बघितला की."

"मग सुपारीचं कसं? आपण चंद्रबळ बघून दिवस काढलाय. आता चंद्र झाले दोन. बळ कुठल्याचं धरायचं?"

म्हणलं, विचारून सांगते.

विचारायला लांब जायचं नव्हतं. नात हायस्कुलात विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "आजी, तो आपल्याभोवती फिरतच नाही. सूर्याभोवती फिरतो, जवळजवळ आपल्याच वाटेनं. आत्ता हळूहळू जवळून चाललाय, म्हणून पृथ्वीच्या ओढीनं त्याची वाट जरा वळली. एक फेरीसुद्धा पुरी करायचा नाही. जाईल निघून."

"मग हेच सांग की त्यांना."

"मी सांगितलं तर म्हणतील, पोरगी आत्तापासूनच शिकवायला लागली."

तेही खरं. आधीची दोन स्थळं 'मुलगी फार बोलते' म्हणून परत गेलेली. आणि हा मुलगा तिला आवडला होता. भेंडी चिरता चिरता एकदाच म्हणाली होती, "हा ऐकून घेतो, आजी." ते माझ्या मनात राहिलेलं.

म्हणून फोन मीच केला. आठवी शिकलेली बाई मी, पण पेपरची ओळन् ओळ वाचते, त्याची जरा घमेंडही आहे. म्हणलं, "अव्वा, तो चंद्र न्हाय. लघुग्रह हाय."

"ग्रह?" तिकडनं आवाज चढला. "मग त्याची शांत घालावी लागंल! पोरीच्या पत्रिकेत कुठल्या घरात बसलाय?"

घ्या! चंद्र काढायला गेले आणि ग्रह घालून आले. हा शब्द काढणाऱ्या शहाण्यांनी आमच्याकडच्या एखाद्या म्हातारीला विचारायला काय झालं होतं? नुसतं 'दगड' म्हणले असते तर काय बिघडत होतं?

दुसऱ्या दिवशी परत मीच फोन लावला. या वेळी मी अणदूरचं बोलले. आमचा खंडोबा सव्वादहा महिने अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. म्हणलं, "अव्वा, हे तसंच समजा. देव नळदुर्गला जातोय म्हणून कुणी सुपारी अडवतंय का? पाहुणा हाय, जाईल."

"म्हणजे देवच म्हणा की," त्या हात जोडूनच बोलल्या असणार. "मग देव दारात असताना घाई कशाला? जाऊ द्या त्याला. आन् विहीणबाई, तुमचा खंडोबा जातो तो लिहून देऊन जातो. दोन्ही गावचे मानकरी कागद करतेत. या दगडाचं कुणी लिहून दिलंय?"

माझंच उदाहरण, माझ्याच गळ्यात. फोन ठेवला आणि चहा न पिता बसून राहिले. चिडले होते त्यांच्यावर, पेपरवाल्यावर, त्या एसटीएवढ्या धोंड्यावर, आणि जास्त करून माझ्या तोंडावर.

नात म्हणाली, "लिहून पाहिजे ना? देते मी."

रविवारी आम्ही दोघी उमरग्याला गेलो. कागद तिनं एसटीतच मांडीवर वही ठेवून लिहिला, मी शेजारून वाचत होते. 'सदर दगड कार्तिक सरायच्या आत पृथ्वीची संगत सोडील. त्याचा कुणाच्या पत्रिकेशी संबंध नाही.' इथवर झकास. पुढं लिहिती काय, 'जानेवारीत तो पुन्हा एकदा जवळून जाईल, आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी परत येईल.'

"अगं बाई, हे कशाला? खोड ते!"

"खरं आहे, आजी."

"खरं हाय म्हणून लिहायलाच पाहिजे का? सुपारी मोडायची हाय का तुला?"

"अर्धं लिहून सही कशी करू?" म्हणाली आणि खाली सही ठोकली. उमरगा येईस्तवर मी खिडकीकडं तोंड करून बसले.

अव्वांनी कागद चष्म्यापासून लांब धरून वाचला. परत वाचला. तीस वर्षांवर बोट ठेवलं. मी पदर आवळून बसलेली.

"हे मोजलं कसं?" त्यांनी मला नाही, तिला विचारलं. आणि ती पोरगी, बोलायचं नाही म्हणून मी घरनं बजावून आणलेली, ताटाभोवती वाटी फिरवत पाऊण तास बोलली. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. मधे त्यानं दोन प्रश्नही विचारले. मी देवाचं नाव घेत होते.

शेवटी अव्वांनी कागदाची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली.

"तीस वर्षांनी मी काय असणार न्हाय," त्या तिला म्हणाल्या. "या घरात तूच असशील. परत आला तर तूच बघ त्याचं काय ते."

मग माझ्याकडं वळून, "विहीणबाई, दसराच राहू द्या. आन् तुम्ही चार दिवस फोनवर काय सांगत होता ओ? एक अक्षर कळलं न्हाय मला."