नोटांच्या पंख्याची घडी

"मामी, आई गेली..." उंब्रजहून रेखाचा फोन आला, तेव्हा मी सांगलीत स्वयंपाकघरात होते. तिची आई म्हणजे आक्का, माझी थोरली नणंद. फोन ठेवला आणि डोळ्यांपुढे आला तो आक्काने पुढे केलेला हात.

माझ्या मुलाच्या लग्नात मला नवी इरकल आली होती. आमच्याकडे नव्या साडीची घडी जवळच्या बाईला मोडायला देतात. आधी ती नेसते, मग आपण. आक्काने हसत हात पुढे केला आणि मी साडी माझ्या बहिणीला दिली. आक्का विधवा होती, एवढंच कारण. तसं कर म्हणून मला कुणी सांगितलंही नव्हतं. आक्काने हात पदराखाली घेतला. म्हणाली, "बरं केलंस. ती उंच हाय, काठ उठून दिसंल." हे मी आजवर नवऱ्यालाही बोललेले नाही...

गेल्या उन्हाळ्यात आजारी आक्काला बघायला गेले, तर तिने ट्रंकेतून एक जुना घडीचा पंखा काढायला लावला. तिच्या फौजी सासऱ्यांनी लढाईवरून येताना आणलेला, त्यावर परक्या मुलखातल्या नोटांची चित्रं. गल्लीतल्या बाया त्या नोटा खऱ्याच समजत आणि आक्का खुशाल समजू देई. फाटेल म्हणून तो कधी पुरता उघडलाच नव्हता.

"मोड घडी," ती म्हणाली.

"आवं आक्का, फाटंल की."

"तूच मोड."

मी उघडला. मधोमध टर्रकन चीर गेली.

"गेली एक नोट. आता बाजारात कोण घ्यायचं न्हाई," आक्का म्हणाली.

"आधी तरी कोण घेत हुतं?"

ती खोकला येईतो हसली. मी त्याच पंख्याने वारा घालत राहिले. मग ती हळू म्हणाली, "माझ्या रेखाला तेवढं बाजूला ठिवू नगंस." रेखाचाही नवरा गेलेला आहे. म्हणजे आक्काला सगळं कळलं होतं, आणि तरी घडी मोडायला तिने मलाच निवडलं होतं.

आक्का गेल्यावर काही महिन्यांनी, परवा नातीच्या बारशाला मला नवी साडी आली. ती मी रेखाच्या हातात ठेवली.

"मामी, मी...?"

"मग कोण?"

ती साडी नेसून, आईच्या ट्रंकेतून आणलेल्या, चीर चिकटवलेल्या त्या पंख्याने ती पाळण्याला वारा घालत बसली. मी तिलाही हळदीकुंकू लावलं, तेव्हा हळद काठावर सांडली. निघताना ओशाळून म्हणाली, "धुऊन देती, मामी."

मी तशीच घेतली. आज तीच नेसले आहे.