न वाजवणाऱ्याची खुर्ची

कावासाकीला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका आयरिश संगीताच्या मंडळात सामील झालो. मला एकही वाद्य वाजवता येत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या एकत्र कशा नांदल्या हे आजही मला नीट सांगता येत नाही. जसं घडलं तसं सांगतो.

त्या रविवारी बायको उरायासुला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती. दुपारचे तीन वाजत आले होते आणि मला भूक लागली होती. स्टेशनजवळ शाकाहारी माणसाला खात्रीनं मिळणारी वस्तू म्हणजे तळलेले बटाटे. त्यांचा फोटो एका इमारतीच्या जिन्यापाशी लावलेला दिसला, म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. तो पब होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, पबमध्ये तर नाहीच. पण बटाट्यांचा वास फार चांगला येत होता.

आत कोपऱ्यात एका टेबलाभोवती गोल करून चार माणसं बसली होती. एक पांढऱ्या केसांचे आजोबा व्हायोलिन घेऊन, एक बाई बासरी घेऊन, एकाच्या हातात गिटार, आणि एका गृहस्थांच्या मांडीवर दोन्ही हातांनी दाबायची छोटी पेटी. गिऱ्हाइकांकडे त्यांची चक्क पाठ होती. गोलातली पाचवी खुर्ची रिकामी होती.

आमच्या तालुक्याच्या गावी वडील भजनी मंडळात टाळ धरायचे. तिथे कोणी नवखा आला आणि दाराशी उभा राहिला किंवा मागे बसला, तर तो मंडळींचा अपमान समजतात. गोलात जिथे जागा असेल तिथे येऊन बसायचं, ही रीत. मी वाकून नमस्कार केला आणि पाचव्या खुर्चीत बसलो. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चौघांनीही मला वाकून नमस्कार केला.

आजोबांनी सूर धरला, बाकीचे मागोमाग शिरले. धून छोटी होती, पण संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. दर वेळी आजोबा भुवया उंचावून माझ्याकडे बघायचे, आणि छान चाललंय या अर्थानं मी मान डोलवायचो. मध्येच उठणं मला शक्य नव्हतं. बटाटे आले ते मी एकेक करून, कुरकुर आवाज होऊ न देता, चघळून मऊ करून खाल्ले. पाच वाजता सगळे उठले आणि मला म्हणाले, "ओत्सुकारेसामा." एकत्र काम करून दमलेल्या सहकाऱ्याला इथे असं म्हणतात. मीही तेच म्हणालो.

पुढच्या रविवारी खुर्ची माझ्यासाठी ठेवलेली होती. फोनवर वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "जागा धरून ठेवतात म्हणजे मान आहे तुला. चुकवू नको."

मी चुकवलं नाही. ऑफिसात माझं जपानी मोडकंतोडकं, घरी परतताना ट्रेनमध्ये कोणी बोलत नाही. या गोलात बोलावंच लागत नव्हतं, आणि तरी मी कोणाच्या तरी शेजारी बसलेलो असायचो.

वसंत आला तेव्हा एकदा आजोबा मला बाहेर, जिन्यात घेऊन गेले. "तुम्हाला एक सांगायला हवं," ते म्हणाले. "आमचा एक वादक बदली होऊन ओसाकाला गेला. मास्तरांना त्या कोपऱ्यात डार्ट्सचा, म्हणजे फळीवर बाण फेकायचा खेळ लावायचा आहे. पाच माणसं बसत असतील तरच कोपरा आमचा, असं ठरलंय. तुम्ही आलात आणि पाच झालो."

पबच्या मालकाला इथे मास्तर म्हणतात. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झाल्यामुळे ते ट्रे घेऊन आले की मी आपोआप उभा राहायचो.

"पण आजोबा, मला वाजवता येत नाही," मी म्हणालो.

"ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके मनापासून बसला होतात."

मग त्यांनी खरी अडचण सांगितली. मास्तरांनी विचारलं होतं की पाचवे गृहस्थ नक्की काय वाजवतात. आजोबांनी उत्तर दिलं होतं की त्यांची वेळ अजून आलेली नाही. मास्तरांनी त्यावर दोन महिने विचार केला, आणि आता म्हणत होते की येत्या रविवारी ऐकतो आणि ठरवतो.

"माझ्या घराच्या भिंती पातळ आहेत," आजोबा म्हणाले. "शेजारी तान्हं मूल आहे. नदीकाठी वाजवलं तर बोटं गारठतात. हा कोपरा गेला तर व्हायोलिन पेटीतच राहील." एवढं बोलून त्यांनी कापडी पिशवीतून एक डफ काढून माझ्या हातात दिला. आयरिश डफच, एका छोट्या दांडक्यानं वाजवायचा. त्याला बोरान म्हणतात. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाला नाव लक्षात ठेवायला जड गेलं नाही.

भिंती आमच्याही घराच्या पातळच. म्हणून मी आठवडाभर उशीवर सराव केला.

"काय चाललंय अहो?" बायकोनं विचारलं.

"आयरिश ताल."

"उशीला विचारलंत का, तिला कोणत्या देशाचा आवडतो?"

"एका म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न आहे."

"तो म्हातारा माणूस तुमच्या भरवशावर आहे होय," ती म्हणाली. "मग मी येतेच रविवारी. कोणीतरी सोबत हवं त्यांना."

रविवारी पब भरलेला होता. मास्तर ॲप्रन काढून, हाताची घडी घालून काउंटरपुढे उभे होते. बायको खिडकीजवळच्या टेबलाशी संत्र्याचा रस घेऊन बसली होती. सगळ्या धुना नीट झाल्या, मी डफावर हलकेच हात ठेवून होतो. साडेचारच्या सुमारास आजोबा माझ्याकडे वळले आणि मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही शेवटची. आज तुम्ही सुरू करा."

आयरिश रीत अशी की धून जो सुरू करतो, तोच ती संपवतो. हे गोलातल्या प्रत्येकाला इतकं माहीत होतं की मला सांगायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे सुरू कोणीही करावं, थांबवायचं मात्र वडीलधाऱ्यानं. हेही मला इतकं माहीत होतं की मी ते कोणाला सांगितलं नाही.

मी चार ठोके दिले. आजोबा शिरले, मग बाकीचे. धून एकदा झाली, दोनदा झाली, तिसऱ्यांदा झाली. तीनदा झाली की थांबतात हे मी पाहिलं होतं, म्हणून मी आजोबांकडे आदरानं पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. धून पुन्हा सुरू झाली.

आमच्या भजनात जसजसा वेळ जातो तसतशी लय वाढते. माझा हात वडिलांच्या मांडीशेजारी बसून शिकलेला, त्याला दुसरं काही येत नाही. लय वाढली. बासरीवाल्या बाईंचे कान लाल झाले. पेटीवाल्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला आणि तो वर करायला त्यांचा हात मोकळा नव्हता. दर फेरीच्या शेवटी चारही माणसं आशेनं माझ्याकडे बघत, मी आशेनं आजोबांकडे बघे, आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, केवढा उत्साह आहे या वयात.

गिऱ्हाईकं थिजून बसली होती. धून चालू असताना उठणं म्हणजे वादकांचा अपमान. एक गृहस्थ कोट घालून, एक बाही राहिलेली तशीच, अर्धवट उभे होते ते हळूच परत बसले. त्यांची ट्रेन गेली असावी, कारण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि मग बोट वर करून, आवाज न करता, आणखी एक बिअर मागवली. शेजारच्या टेबलानंही बोट वर केलं. मास्तर हाताची घडी सोडून ग्लास भरायला लागले. बायको मला खिडकीजवळून दोन्ही हातांनी 'पुरे, पुरे' अशी खूण करत होती. मला वाटलं ती टाळ धरतेय. माझा हुरूप वाढला.

आजोबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. व्हायोलिनच्या गजाचे दोन केस तुटून हवेत उडत होते.

आणि मग बाहेर पाच वाजले. इथे संध्याकाळी गावभरच्या भोंग्यांवरून एक संथ धून वाजते, मुलांनी खेळ थांबवून घरी जावं म्हणून. ती कानावर पडताच चारही जण एका क्षणात थांबले, शाळा सुटल्यासारखे. मी एकटाच दोन ठोके जास्त वाजवले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तीन माणसं घाईघाईनं स्वच्छतागृहाकडे गेली. मी आजोबांची माफी मागितली, आजोबांनी माझी मागितली, आणि का मागतोय हे आम्हाला जिन्यात उभं राहून एकमेकांच्या रीती सांगितल्यावरच कळलं. आजोबा भिंतीला टेकून हसले आणि व्हायोलिन माझ्या मागोमाग आलेल्या बायकोकडे धरायला दिलं.

मास्तर वर उभे होते. आम्ही तिघं त्यांच्यासमोर ओळीनं उभे राहिलो.

"अर्धा तास एकही गिऱ्हाईक उठलं नाही," मास्तर म्हणाले. "बाण नकोत. कोपरा तुमचा." मग त्यांनी घसा साफ केला. "पण तो डफ फार थकलेला दिसतो. त्याला विश्रांती द्यावी."

"आणि खुर्ची?" आजोबांनी विचारलं.

"खुर्च्या पाचच राहू देत. यांचे हात रिकामे असतात. धून थांबवायचं काम यांना द्या."

परतताना ट्रेनमध्ये बायको म्हणाली, "बढती मिळाली की तुम्हाला."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे. तिसरी फेरी संपत आली की मी उजवा हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. सोपं आहे. पण आजोबा डोळे मिटून वाजवत असतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हात दाखवून थांबवणं मला शिकवलेलं नाही. मी हात अर्धा वर नेतो, परत मांडीवर ठेवतो. आमच्या धुना चारदा होतात, कधी पाचदा. आजोबांनी त्याबद्दल अजून एकदाही तक्रार केलेली नाही.