पहिलं नाव सरांचं

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नागपुरात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होतो, म्हणजे खरं तर सरांच्या पेपरांच्या कारखान्यात कामाला होतो. सर आमचे विभागप्रमुख आणि माझे गाइड. त्यांचे किती पेपर छापून आलेत हे त्यांनाही सांगता यायचं नाही. यादी टाइप होऊन येईपर्यंत जुनी व्हायची. युक्ती साधी होती. नागपूरजवळच्या खापा गावातल्या एका विहिरीतलं शेवाळ उन्हाळ्यात तपासलं की एक पेपर, पावसाळ्यानंतर दुसरा, हिवाळ्यात तिसरा. मग शेजारची विहीर. बाटल्या भरून एसटीनं आणायचो आम्ही, आणि पेपरावर पहिलं नाव सरांचं. जेवणाआधी देवाला नैवेद्य दाखवतात, तसंच ते.

पेपर छापायला धाडण्याआधी सरांची सही लागायची, आणि तिचाही रिवाज होता. दुपारी चहाच्या वेळी सर व्हरांड्यातून जाऊ लागले की फक्त शेवटचं पान पुढे करायचं. बाकीची पानं दाखवणं म्हणजे आगाऊपणा. सर उभ्या उभ्या सही करत, "बढिया" म्हणत आणि पुढे जात.

या सगळ्या ढिगात एक पेपर मात्र खरोखर माझा होता. कोराडीच्या वीजकेंद्राची राख झाडांच्या पानांवर बसते आणि पानांची छिद्रं बुजतात, हे मी दोन वर्षं पानं तपासून दाखवलं होतं. त्यावरही पहिलं नाव सरांचंच टाकलं. जिवावर आलं, पण टाकलं. याच पेपराच्या जोरावर मला एका कॉलेजात लेक्चररची जागा हवी होती. माझं लग्न ठरलं होतं आणि मुलीच्या वडिलांची अट एकच, आधी नोकरी.

मुलाखतीला गेलो तर तज्ज्ञ म्हणून समोर आमचे सरच! म्हटलं, झालं आपलं काम. त्यांच्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष, सीताबर्डीतले कापडाचे व्यापारी. ते माझा छापील पेपर अंगठ्यानं चाचपून कागदाचा पोत बघत होते.

सरांनी पेपरात काय केलं ते तोंडी सांगायला लावलं. मी इंग्रजीत धडाधड बोलत सुटलो. सर पुढे सरकून ऐकू लागले. त्यांना असं ऐकताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

"झाडं कोणती घेतली?"

"बस थांबते तिथली, सर. रस्त्यालगतची."

"त्याच रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात. मग पानावरची राख कोणती आणि कोळशाची धूळ कोणती, हे वेगळं केलं?"

 खरी गोष्ट अशी की त्या उन्हात बसथांब्याच्या पुढे मी कधी गेलोच नव्हतो.

आता सर इंग्रजी सोडून घरच्या बोलीवर आले. "अबे, मंग हा निष्कर्षच कच्चा झाला ना! कोन्या शहाण्यानं सही केली याच्यावर?"

बोललो तर पीएच.डी. धोक्यात, गप्प बसलो तर नोकरी गेली. मी सरांकडे न बघता अध्यक्षांना म्हणालो, "साहेब, वरचं पहिलं नाव वाचता का?"

अध्यक्षांनी चष्मा चढवला आणि सरांचं नाव मोठ्यानं वाचलं. मग ते पोट धरून हसले. "इतक्या मोठ्या मानसासंग चुकला हा. चालते!" म्हणाले आणि मला घेऊन टाकलं.  सरांनी पेपर मागून घेतला.

बाहेर येऊन थांबलो, तर बऱ्याच वेळानं सर पायरीवर दिसले. हातात पेपर होता आणि समासात पेन्सिलीच्या खुणा. आता माझी काही खैर नाही, असं समजून मी पाया पडायला वाकलो.

"काम चांगलं होतं गा," ते म्हणाले. "रस्त्यापासून दूरची चार झाडं घेतली असती तं पक्कं झालं असतं. मले आधी काहून नाही दाखवलं?"

"दाखवलं होतं, सर. तुम्ही सही केली."

"सही कराले दाखवलं. वाचाले काहून नाही दाखवलं?"

मला संताप आला आणि त्याच क्षणी रडूही आलं. इतकी वर्षं मी त्यांचा विद्यार्थी होतो. त्यांनी मला शिकवलं ते त्या एका दुपारी, तेही परक्या कॉलेजात, मी त्यांच्याकडून निघून चाललो तेव्हा.