धुरपदाबाईच्या झाडाला तहान नव्हती

हंडाभर पाण्यासाठी जिथं बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात, तिथं ‘माझ्या झाडाला पाणी घालू नका’ म्हणून भांडणारी बाई तुम्ही बघितलीय का? न्हाय ना? मग उगं मान डोलवू नका, ऐका.

धुरपदाबाई आमच्या जळकोटच्या वस्तीतली. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडून हाताची धार गेली, जिभेची मात्र शाबूत. तिची सासू मथुराबाई. धम्मदीक्षेच्या दिवशी नेसलेलं पांढरं लुगडं म्हातारीनं पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. “मला शेवटचं हेच नेसवायचं,” हा तिचा हुकूम. पण पेटीत कापड खाणारी कसर शिरली. लिंबाचा पाला घातला, तर पांढऱ्यावर पिवळे डाग. म्हातारी रोज पेटी उघडायची आणि सुनेला टोमणा हाणायची, “माझ्याआधी ती कसरच नेसून जाईल बघ.”

ऐंशी साली धुरपदाबाईचा भाऊ बलभीम पलटणीतून रजेवर आला. डोंगरात कुठंतरी सायबाच्या बंगल्यावर त्याची ड्यूटी होती. येताना कागदाच्या पुडीत बी घेऊन आला.

“लव्हेंडर म्हणत्यात, अक्का. निळी कणसं येत्यात. मेमसाब वाळवून कपड्यात ठिवती. कसर फिरकत न्हाय.”

बी तिळापेक्षा बारीक. आम्ही पडलो ज्वारीवाले. धुरपदाबाईनं शेणखताच्या काळ्या मातीत बोटभर खोल पेरलं, वरून मायेनं थापटलं आणि वाट बघत बसली. उगवलं काय, तर हराळी! बलभीम कपाळाला हात लावून म्हणाला, “आगं, ती काय ज्वारी हाय? दगडाच्या सांदीत वाढणारं झाड ते. मुरमावर वरच्यावर टाक. उजेड दिसू दे त्याला.”

मग डालड्याचे डबे आले. बुडाला भोकं, आत मुरूम, वर उरलेलं बी, हातानं शिंपडलेलं पाणी. बऱ्याच दिवसांनी चारपाच हिरव्या काड्या वर आल्या. सगळी वस्ती बघायला लोटली.

“ह्याची भाजी व्हती का गं?”

“न्हाय.”

“मग शेळी खाती का?”

“शेळीलाच इचार की!”

डबे दारातल्या ओट्यावर बसले आणि रोपं मरायला लागली. बूड काळं पडायचं, मान टाकायची. धुरपदाबाई तर पाण्याला हात आखडूनच होती, तरी मुरूम कायम ओला. मग एक दिवस ती दारातच ठाण मांडून बसली, तेव्हा चोर सापडले. आमच्याकडं पिऊन उरलेलं पाणी कुणी फेकत न्हाय, दारच्या झाडाला घालतात. तेवढंच पुण्य! येणारा जाणारा प्रत्येकजण पुण्य करून जात होता. तिनं एकेकाची अशी हजेरी घेतली, की लोक रिकामा तांब्या उलटा करून दाखवायला लागले.

तोवर एकच रोप उरलं होतं. आणि तेही अधूनमधून ओलं सापडायचंच.

शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची निवडणूक जवळ आली होती. चेअरमन श्रीपती अण्णा वस्तीत चकरा मारत होते. आमचे सभासद थोडेच, पण निकालही थोडक्यातच लागणार होता. धुरपदाबाई तांब्या पुढं करायची. अण्णा हसत घ्यायचे, “वा, काय झाड लावलंयस!” म्हणत वाकायचे आणि तांब्या रिकामा करून परत द्यायचे. ओठ कोरडे. आमच्या घरचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. मत तेवढं उतरत होतं.

माझं टाळकं सटकलं. “उद्याच मोर्चा काढतो!”

“भावजी, खाली बसा,” ती म्हणाली. “तुमच्या मोर्चाच्या पायाखाली माझा डबा यायचा.”

पुढच्या खेपेला अण्णा वाकले, तसा तिनं डब्यावर पंजा धरला.

“अण्णा, त्याला तहान न्हाय. तुमी उन्हातनं आलाव.”

“पिलो की आत्ता.”

“कुठं? मिशा कोरड्या हायत्या तुमच्या. प्यायचं तर प्या, न्हायतर तांब्या परत द्या. माझ्या सासूचं लुगडं ह्या एका काडीवर हाय. पुण्य करून मारू नका तिला.”

ओट्या-ओट्यावर बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. अण्णांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, डोळे मिटले आणि एरंडेल घ्यावं तसा तांब्या घटाघटा संपवला. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

“च्या टाकू का आता?”

“पुढल्या बारीला,” अण्णा वहाणा शोधत म्हणाले.

रोप जगलं. दुसऱ्या साली निळी कणसं धरली. मथुराबाईनं हुंगून नाक मुरडलं, “लुगडं माझं आन वास मेमसाबचा!” पण पुरचुंडी पेटीत ठेवली तिनंच. आता कसर न्हाय, त्यामुळं म्हातारीला जायचीही घाई न्हाय.

तुम्हाला एवढंच मागतो. कुणाच्याही दारात पाण्याचा तांब्या हातात आला, तर तो प्या. झाडाचं काय ते घरची बाई बघून घेईल.