हवेची वाट

नर्सनं ह्यांच्या हातात श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन गोळे असलेलं प्लास्टिकचं यंत्र दिलं. जीव खाऊन श्वास ओढला, तरी एकच गोळा जेमतेम हलला. मला आर्वी गावातलं आमचं गॅरेज आठवलं.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. मी डबा घेऊन गेले, तर रॉकेलच्या वासात बसून हे मोटारसायकलच्या इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, ग्राइंडरनं घासत होते. हवा आत जायची वाट गुळगुळीत करायची, मग तिला तोंड लावून फुंकून बघायचं, पुन्हा घासायचं.

"इंजिनची ताकद पेट्रोलात नसते वं," ते म्हणाले. "जेवढा मोकळा श्वास घेते, तेवढं जोरानं पयते ते."

ओठांवर, मिशीवर अॅल्युमिनियमची चंदेरी भुकटी चमकत होती.

"म्हातारे दिसून राह्यले," म्हणत मी हसले आणि पदरानं ती पुसली. काय देखणे वाटले होते तेव्हा! पदराला लागली तेवढी लागली. बाकीची कुठं गेली, ते काल डॉक्टरांनी छातीच्या फोटोत दाखवलं.

ह्यांनी यंत्र खाली ठेवलं. धाप ओसरल्यावर म्हणाले, "इंजिन असतं तं खोलून घासलं असतं वं."