खालच्या वस्तीचं पाणी

"बाटली खाली ठेव. अन् सरक तिकडे."

मी बाटली विहिरीच्या कठड्यावर ठेवली. बॅटरीच्या शेडचे मालक ओरडले, "तिथं नाही. खाली. मातीत."

ठेवली. चार पावलं मागे सरकले. मालकांनी वरूनच बादली कलती केली. अर्धं पाणी बाटलीत, अर्धं मातीत. शिंतोडे माझ्या पातळावर. शेजारी ग्रामसेवक उभे होते. ते आभाळाकडे बघत होते.

मी ग्रामपंचायतीची जलसुरक्षक. गावातल्या पाण्याचे नमुने भरायचे, बुलडाण्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचे, हे माझं काम. बारावी शिकलेली, माहेर बीबी गावाकडचं. आमच्या बौद्ध वस्तीत सरकारी कागद वाचणारी मी एकटी सून.

मालकांचं शेड नाल्याच्या वरच्या अंगाला. तिथं गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात, आतलं शिसं भट्टीत वितळवतात. अ‍ॅसिडचं पाणी नाल्यात. नाला आमच्या वस्तीला घासून जातो, काठावरच आमची हापशी. नाल्याकडचं गवत जळालं. दोन शेळ्या मेल्या. वस्तीनं तक्रार केली. वरून हुकूम आला, हापशीचं पाणी तपासा.

ग्रामसेवकांनी चिठ्ठी पुढं केली. "लिव. हापशी, खालची वस्ती."

मी म्हटलं, "साहेब, हे तर विहिरीचं पाणी हाय."

मालक हसले. "तुहा नवरा कोनाच्या शेडात कामाले जाते, ध्यानात हाय न?"

मी लिहिलं. खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

अहवाल आला. पाणी पिण्यास योग्य. पंचायतीच्या फळ्यावर लावला. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, आपल्याच पोरीनं तपासून आणलं, आता भेव नाही. आणि हंडे भरू लागल्या. मीही भरत होते. दुसरं पाणी होतं कुठं?

माझी लेक सांची पहिलीत. शंभरपर्यंत घडघड म्हणायची. ती चाळिसाच्या पुढं अडकू लागली. पोट धरून बसायची. जेवण टाकायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नाही तिचं. मी तिला मारलं. अभ्यासासाठी मारलं. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ते बघणं अजून माझ्या अंगावर आहे.

बुलडाण्याच्या दवाखान्यात रक्त घेतलं. रक्तात शिसं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"हापशीचं."

"तपासलंय?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलला. अभिमानानं बोलला. "हाव मॅडम. हिनंच नेलं होतं. चांगलं निघालं."

डॉक्टरीणबाई कागदावर लिहू लागल्या, पाणी ठीक. माझ्या खोट्या सहीमुळं माझ्याच लेकराचा आजार चुकीच्या ठिकाणी शोधला जाणार होता.

"मॅडम, लिहू नका," मी म्हटलं. "ते पाणी आमचं नव्हतं."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. परतीच्या बसमध्ये त्यानं सांचीला माझ्या मांडीवरून उचलून आपल्याकडं घेतलं.

दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत गेले. शिसं तपासायची बाटली वेगळी असते, मागून घ्यावी लागते. घेतली. भर दुपारी वस्तीसमोर हापशी मारली, बाटली भरली, झाकण लावलं. तेवढ्यात मालक गाडीवरून आले.

"कोनाले विचारून भरून राह्यली वं? दे इकडे."

त्यांनी हात पुढं केला. मी बाटली छातीशी धरली.

"हात लावू नका. नमुना बाटते."

मालकांचा हात तसाच राहिला. वस्तीतल्या बाया दारादारात उभ्या होत्या. कोणी हसलं नाही. मालक गाडी वळवून गेले. मी मागे सरकले नव्हते.

बाटलीबरोबर अर्ज दिला. आधीचा नमुना खोटा होता, कोणाच्या विहिरीचा होता, चिठ्ठी कोणी लिहायला लावली, आणि लिहिली मी. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "बाई, पहिली कारवाई तुमच्यावरच होईल."

"होऊ द्या. पोच द्या."

या वेळी अहवालात शिसं निघालं. पाणी पिऊ नये म्हणून हापशीला लाल रंग लागला, शेडला कुलूप. माझं काम गेलं, नवऱ्याचंही गेलं. वस्तीतल्या काही बाया माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या सहीवर विश्वास ठेवून त्यांनी लेकरांना ते पाणी पाजलं. त्यांचं बरोबर आहे. सांचीचं पोट आता दुखत नाही. डोक्यातलं किती परत येईल, ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत.

कुलूप लागलं म्हणून शिसं गेलं नाही. ते नाल्याच्या मातीत आहे आणि पोरं तिथंच खेळतात. मालक शेड उघडायची परवानगी मागत फिरताहेत. मी घरोघरी फिरून लेकरांची यादी केली आहे. प्रत्येकाचं रक्त तपासायचं, ती माती खोदून उचलायची, आणि खर्च ज्यानं विष सोडलं त्यानं द्यायचा. चौकशी लागली आहे. तिथं मी उभी राहीन. पहिलं नाव माझं घेईन. मग मालकांचं आणि ग्रामसेवकांचं घेईन, एकेक करून, मोठ्यानं.