नसीम मॅडमना दिसायचं ते दारापर्यंत

नसीम मॅडम कोणाचीही नेटची नोंद उघडायच्या आधी टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायच्या. खोलीत त्यांच्याशिवाय कोणी नसलं तरी. टकटक करायच्या, जरा थांबायच्या आणि मग माऊस हलवायच्या. मी पहिल्यांदा चहा घेऊन गेलो तेव्हा हे बघितलं आणि मला वाटलं, टेबलाला वाळवी लागली असेल, आतून पोकळ झालंय का ते बघतायत.

"वाळवी नाई रे," त्या म्हणाल्या. "कोनाच्या घरात जाच्या आधी कडी वाजवतं का नाई? तसं हाये हे."

आमचं कॉलेज यवतमाळच्या बाहेर, दारव्ह्याच्या रस्त्याला. तिथलं सगळं वायफाय मॅडमच्या हाताखाली होतं. पोरांचं, प्राध्यापकांचं, ऑफिसचं आणि आम्हा मेसवाल्यांचंही. कोणाच्या मोबाईलवरून कुठली साईट उघडली, किती नेट गेलं, सगळं त्यांच्या पडद्यावर उमटायचं. मी मूळचा कोकणातला, संगमेश्वरच्या बाजूचा. आठवीनंतर शाळा सुटली. कामाच्या मागे फिरत फिरत एका ठेकेदाराबरोबर इतक्या लांब आलो आणि होस्टेलच्या मेसमध्ये वाढपी म्हणून राहिलो. इथली बोली कळायलाच मला वेळ लागला. कोणी "काहून रे?" म्हणजे नुसतं "का रे?" म्हटलं तरी वाटायचं आपलं काहीतरी चुकलंय.

मॅडम दिग्रसच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावर नेहमी फिकट रंगाची ओढणी. त्यांच्या वडिलांची दिग्रसच्या बाजारात कुलूप-किल्लीची टपरी होती. मॅडमचं सगळं शहाणपण त्या टपरीवरून आलेलं. त्या सांगायच्या, "लोकाइची किल्ली हरपली का अब्बाले घरी नेत. अब्बा कुलूप उघडत अन् लगेच पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड करून उभे राहत. दार मालकानंच ढकलाचं. आत भांडे हायेत का भंगार हाये, अब्बानं जिंदगीत पाह्यलं नाई. लोक म्हनत, चोराले येते तेवढं समदं याले येते, पन याले पाठ फिरवताबी येते."

नव्या वर्षाची पोरं आली की मॅडम त्यांना हॉलमध्ये बसवून सांगायच्या, कॉलेजच्या नेटवर आलात की मला तुमचं काय दिसतं आणि काय नाही. ते कोणी सांगायला सांगितलेलं नव्हतं. एकदा त्या तेच सांगायला मेसमध्येही आल्या. कणीक मळणं चालू होतं, आम्ही पाटावर, त्या उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर.

"हे पाहा," त्या म्हणाल्या, "तुम्ही कोनाच्या दारात गेलते ते मले दिसते. आत जाऊन काय बोलले, काय वाचलं, ते नाई दिसत. पन दारावरची पाटी तं दिसते ना? डॉक्टरची पाटी, वकिलाची पाटी. तेवढ्यावरून मानूस अंदाज लावते. म्हनून सांगून ठेवते. ज्याले पटत नसंल त्यानं आपल्या पैशाचं नेट वापराव."

आमच्याकडे पोळ्या लाटायला मारेगावकडच्या इंदूबाई होत्या. त्यांनी लगेच विचारलं, "मॅडम, तुमाले समदं दिसते तं माही चप्पल कोनं नेली तेवढं पाहून द्या."

"तुमची चप्पल वायफायवर होती का बाई?"

"नाई, भाईर पायरीवर होती."

"मंग पायरीले विचारा."

सगळे हसले, पण भीती बसायची ती बसली. त्यानंतर आमच्या मेसमध्ये एक पद्धतच पडली. मॅडम व्हरांड्यातून येताना दिसल्या की सगळे आपापले मोबाईल कणकेच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि झाकण लावायचे. पत्र्यातून दिसत नाही, असं कोणीतरी सांगितलं होतं. मॅडमना ते कळलं तेव्हा त्या इंदूबाईंना म्हणाल्या, "डब्यात ठेवा, काही हरकत नाई. पन पोळीत घंटी वाजली नाई पायजे."

मला मात्र त्या डब्याचं हसू येत नव्हतं. कारण माझ्याकडे खरंच लपवायचं काहीतरी होतं.

उजव्या हातावर, कोपराच्या खाली, एक फिकट चट्टा आला होता. मी साधं शिबं असेल म्हणून सोडून दिलं. मग एके दिवशी इंदूबाई ओरडल्या, "अरे, हात भाजून राह्यला ना तुहा!" बघतो तर तापल्या तव्याच्या कडेला माझा हात टेकलेला, कातडी लाल झालेली, आणि मला काहीच कळलं नव्हतं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. मोबाईलवर शोधायला लागलो. जे वाचलं त्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा, कुष्ठरोग. आमच्या गावात त्याला महारोग म्हणतात आणि तो शब्दसुद्धा हळू आवाजात म्हणतात. एका कुष्ठरोग दवाखान्याची साईट मी रोज उघडायचो. उपचार आहेत, औषध फुकट मिळतं, माणूस पूर्ण बरा होतो, असं तिथे लिहिलं होतं. मी ते वाचायचो, बरं वाटायचं, आणि तासाभरानं पुन्हा भीती वाटायची, मग पुन्हा उघडायचो.

मी ताटात वाढणारा माणूस. ठेकेदाराला कळलं असतं तर दुपारच्या पंगतीआधी मला बाहेर काढलं असतं. घरी गेलो असतो तर तिथे बहिणीची सोयरीक चालली होती. माझ्या हातावरच्या चट्ट्यानं तिचं लग्न मोडलं असतं. म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून गप्प राहिलो. मॅडमनी दाराची आणि पाटीची गोष्ट सांगितली तेव्हा माझ्या हातातली कणीक तशीच राहिली. माझ्या दारावरची पाटी तर इतकी मोठी होती की अंदाज लावायचीही गरज नव्हती.

मी ती साईट उघडणं बंद केलं. पण उघडून झालेलं पुसता कसं येणार? मॅडम दिसल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो. त्यात काही बदल दिसायचा नाही. "जेवला का बापू?" एवढंच विचारायच्या, पूर्वीसारखंच.

पुढे परीक्षेच्या सुमारास कॉलेजचं नेट रांगायला लागलं. पोरांचे अर्ज भरले जाईनात, ओरड झाली. होस्टेलचं नेट सगळ्यात जास्त मेसच्या बाजूनं जातंय, एवढं कळलं आणि लगेच बोलणं सुरू झालं की मेसची पोरं नको ते व्हिडिओ बघतात. आमचे ठेकेदार गावंडेसाहेब चिडले. त्यांनी प्राचार्यांना सांगितलं, माझ्या प्रत्येक माणसानं काय काय उघडलं ते बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा, म्हणजे जो असेल त्याला मी तिथेच काढतो.

बैठक दुपारची ठरली, सेमिनार हॉलमध्ये. मी सकाळीच पिशवी भरली. वाचायला सुरुवात झाली की पाणी प्यायला म्हणून उठायचं आणि थेट स्टँडवर जायचं, असं ठरवलं होतं. इंदूबाई म्हणाल्या, "काहून रे, तोंड असं काहून उतरलं? तूच पाह्यतं का ते व्हिडिओ?" मी नुसतं हसल्यासारखं केलं.

हॉलमध्ये पुढे प्राचार्य, बाजूला गावंडेसाहेब, काही प्राध्यापक. मागच्या रांगेत आम्ही. मॅडमनी आधी सांगून बघितलं, "सर, कोनाकडून किती नेट गेलं ते सांगते. कोठं गेलं ते सांगाची काही गरज नाई."

"गरज आहे," गावंडेसाहेब म्हणाले. "चोर सापडायचा कसा?"

प्राचार्य स्वभावानं मऊ. ते म्हणाले, "मॅडम, नेट कॉलेजचं आहे. कॉलेजला बघायचा हक्क आहे की नाही?"

"हक्क हाये सर. मी नाई म्हनतच नाई." मॅडमनी प्रोजेक्टरची वायर हातात घेतली. मग म्हणाल्या, "फक्त वाचल्यावर कसं दिसते ते आधी समद्याइनं पाहून घ्या. मंग तुम्ही म्हनसान तसं."

त्यांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर नाव आलं ते त्यांचं स्वतःचं. आणि त्या दिवशी त्यांनी टेबलावर टकटक केली नाही. तशाच उघडून वाचायला लागल्या.

"हे बँकेचं. हे वांग्याच्या भरताचं, नवीन पद्धत, बिघडलं होतं. हे गुडघ्याच्या व्यायामाचं." एकदोन जण हसले. मॅडमही हसल्या. "हे एस.टी.चं, दिग्रसच्या गाड्या. हे नागपूरच्या मनोरुग्ण दवाखान्याचं. हे पुन्हा तेच. हे गोळ्याइची माहिती. हे तेच, हे तेच. हे नोकरी सोडून आलेलं पोरगं खोलीतच बसून राहत असंल, बोलत नसंल तं काय कराव त्याचं. हे पुन्हा दवाखान्याचं."

मॅडमचा मुलगा नागपूरला चांगल्या नोकरीत आहे, असं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या कधीमधी त्याच्यासाठी मेसमधून जवसाची चटणी बांधून न्यायच्या आणि म्हणायच्या, पोराला पाठवायचीय. आता सगळ्यांना कळलं की पोरगा नोकरी सोडून कधीचा घरी आलाय, खोलीत बसून असतो. मॅडम एका लयीत वाचत होत्या, आवाज चढला नाही की अडखळला नाही. प्राचार्य टेबलावरच्या पेनाकडे बघत होते. एक बाई प्राध्यापक उठून खिडकीपाशी गेल्या.

"अजून हाये, खाली," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या मॅडम," प्राचार्य म्हणाले.

"माह्यं झालं. आता मेसमधून कोनाचं लावू? गावंडेसाहेब, तुम्ही नाव सांगा."

गावंडेसाहेबांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. माझ्यावरून त्यांची नजर गेली. मग त्यांनी कपाळ पुसलं. "किती गेलं तेवढंच सांगा," ते म्हणाले.

मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला आणि मग सांगितलं. सगळ्यात जास्त नेट कोणा माणसाच्या नावावर नव्हतंच. ते जात होतं मेसच्या भिंतीवरच्या टीव्हीवर. पोरांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून गावंडेसाहेबांनीच त्याच्यावर भक्तिगीतं लावून ठेवली होती. पोरांनी आवाज बंद केला होता, आणि टीव्ही बंद करायला कोणी धजत नव्हतं. देवाचं आहे, आपण कसं बंद करायचं? म्हणून मुकी आरती रात्रंदिवस चालू होती.

इंदूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "पाह्य लेका, देवच सापडला शेवटी."

त्या दिवसापासून नियम झाला, किती ते सांगायचं, कुठे ते नाही. माझी पिशवी मी परत खुंटीला लावली. पण मॅडमना त्याची किंमत पडली. स्टाफरूममध्ये त्या आल्या की बोलणं थांबायचं. कोणी फार गोड बोलायला लागलं, कोणी उपाय सांगायला लागलं, कोणी ताईत आणून दिला. मॅडम सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या. एकदा इंदूबाईंनी विचारलं, "कायले दाखवलं हो मॅडम तुमी?" तर म्हणाल्या, "दुसऱ्याचं दाखवाचा हक्क नव्हता, बाई. होतं ते माह्यंच होतं."

त्याच आठवड्यात त्या मेसमध्ये आल्या होत्या. इंदूबाई मोबाईलवर गुडघ्याचं काहीतरी वाचून तेल उकळत होत्या. मॅडम म्हणाल्या, "वाचून वाचून मानूस नुसतं भेते. जे काय असंल ते डॉक्टरले दाखवाव. वाचाले एकट्याले लागते, दाखवल्यावर दोघं होतात." इंदूबाईंकडे बघून म्हणाल्या, माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पिसासारखं काहीतरी फिरवलं. निदान तेच निघालं. लवकर आलास, म्हणाले. औषध चालू झालं की दुसऱ्याला लागत नाही, काम करत राहा, गोळी चुकवू नको. मी चुकवली नाही.

गोळ्यांची शेवटची पट्टी संपली तोवर मॅडमनी मुलासाठी मुदतीआधीच नोकरी सोडायचं ठरवलं होतं. त्या खोलीतलं सामान आवरत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. "सांगाचं हाये, का सांगा लागते म्हनून सांगतं?"

"सांगायचंय."

"मंग बस."

मी सगळं सांगितलं. त्या पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या ऐकत होत्या. कोणता हात, विचारलं. पाहू का, विचारलं. मी बाही वर केली. "आता भाजलेलं समजते?" समजतं, म्हणालो. "घरी सांगतलं?" नाही, म्हणालो. "सांगशीन तवा सांग. तुही गोष्ट हाये, घाई नाई."

त्यांना आधीपासून माहीत होतं का, हे मी त्यांच्या तोंडावर शोधत होतो. सापडलं नाही. मी विचारलंही नाही.

बहिणीचं लग्न झालं. आईला मी फोनवर सांगितलं, ती रडली आणि मग जेवलास का म्हणाली. आता हे लिहून सगळ्यांनाच सांगतोय, पण सांगणारा मी आहे.

लिहायला बसायच्या आधी मी मॅडमना दिग्रसला फोन केला. तुमचं लिहू का, विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्यं तं मी पडद्यावरच लावलं होतं बापू, तू लिही. पन त्यात माह्या पोराचंबी हाये ना, त्याले विचारून सांगते."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "विचारलं. लिहू दे म्हनते. फक्त माह्यं नाव नको घालू म्हनते."

म्हणून या लेखात त्याचं नाव नाही.